दाउ म्हणजे तू

सकाळी साडेआठला फ्रीजमध्ये ठेवलेली दुधाची बाटली दहाच्या चहाला रिकामी सापडायची. रेडिंगमधल्या एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात मी लागले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. आम्ही अकरा जण, एक फ्रीज आणि त्याच्या दारावर वाढत चाललेल्या चिठ्ठ्या. 'दुसऱ्याचं दूध घेऊ नये' अशी पहिली चिठ्ठी होती. तिच्याखाली कुणीतरी लाल शाईनं उत्तर लिहिलं होतं, त्याखाली आणखी कुणी. चिठ्ठ्यांमुळे माणसं एकमेकांशी तुटक बोलायला लागली होती. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी चार ओळींचा कागद चिकटवला :

ओ मिल्क, दॅट स्टुड्स्ट ॲट हाफ पास्ट एट
फुल व्हाइट अपॉन द शेल्फ,
व्हॉट हँड हॅथ बोर्न दी हेन्स सो स्ट्रेट
अँड केप्ट दी फॉर इटसेल्फ?

हे दुधा, साडेआठला तू फळीवर शुभ्र उभं होतंस. कुठल्या हातानं तुला इथून तडक उचललं आणि आपल्यापाशीच ठेवून घेतलं? मराठीत सांगितलं की एवढंच उरतं. इंग्रजीत त्या 'हॅथ'नं आणि 'दी'नं जे होतं ते असं, की सुपरमार्केटातल्या दुधाला एकदम चारशे वर्षांचं वय येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजपाशी माणसं उभी राहून मोठ्यानं वाचत होती. दहा वाजता फ्रीजमध्ये दोन बाटल्या होत्या. एक कुणी आणून ठेवली ते कधीच कळलं नाही.

त्यानंतर बारा वर्षं मी अशा कविता लिहिल्या. निरोपसमारंभ, वाढदिवस, बंद पडलेली लिफ्ट, वार्षिक हिशेबतपासणी, एका सहकाऱ्याच्या सायकलची चोरी. काही काळ त्याचे पैसेही मिळाले, त्याबद्दल पुढे सांगते. ही गंमत मी कधी वरवरची मानली नाही. पगाराचं काम मी जितक्या नेटानं केलं, तितक्याच नेटानं हेही केलं.

मी मूळची कराडची. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं, दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं आणि २००६ साली लग्न होऊन इंग्लंडला गेले. विडंबनाचा कान मात्र विद्यापीठानं दिला नाही, तो घरून आला. आमच्या बाबांना केशवकुमारांची 'झेंडूची फुले' जवळजवळ पाठ होती. आचार्य अत्र्यांनी ते पुस्तक १९२५ साली काढलं आणि रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवितेची सगळी ढब त्यात पकडली. बाबा म्हणायचे, ज्याची नक्कल करायची त्याच्या कविता आधी नुसत्या वाचून भागत नाही, त्या आवडाव्या लागतात. ते स्वतः गमतीनं आत्याला बखरीच्या थाटात पत्रं लिहीत. 'विनंती विशेष' म्हणून सुरुवात आणि मजकूर मात्र लोणच्याच्या बरणीचा. गावातले आणखी एक हौशी गृहस्थ असंच काही लिहीत. पण ते प्रत्येक शब्दाला 'ऐसे', 'तैसे' आणि 'जाहले' लावायचे आणि आपण बखर लिहिली असं समजायचे. बाबा ते वाचून हसत नसत. 'जुनं झालं नाही, नुसतं वाकडं झालं,' म्हणायचे.

तेच वाक्य मला रेडिंगमध्ये दुसऱ्याच कवितेच्या वेळी आठवलं. ती छपाईयंत्रावर होती, कागद गिळणारा राक्षस अशी कल्पना. ऑफिसात स्वागतकक्षात साठीतल्या एक बाई बसत. त्यांनी कागद वाचला, छान म्हणाल्या आणि मग पेन्सिलीनं तीन ठिकाणी हलकी टिंबं केली. मी 'ही हॅस्ट' लिहिलं होतं, एकदा 'आय डूथ', आणि एका जागी 'दी' हवं तिथं 'दाउ'. 'कानाला टोचतं,' एवढंच म्हणाल्या. नियम त्यांना सांगता येत नव्हता. त्या दर रविवारी ज्या चर्चमध्ये जात, तिथं अजून १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना म्हटल्या जात. लहानपणापासून ऐकून ते व्याकरण त्यांच्या कानात मुरलं होतं.

मी घरी येऊन नियम मांडून पाहिला, आणि तो फार सोपा निघाला. कर्ता असेल तर दाउ, कर्म असेल तर दी. दाय म्हणजे तुझा, पण पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर दाइन. दाउबरोबर क्रियापदाला 'स्ट' लागतो, तो-ती-ते बरोबर 'थ', आणि मी म्हणताना काहीच नाही. म्हणजे 'ही हॅस्ट' लिहिणं हे 'तो आलास' लिहिण्यासारखं आहे आणि 'आय डूथ' हे 'मी करेल' असं काहीतरी. मराठी माणसाला क्रियापदाच्या शेपटीवरून कर्ता ओळखायची सवय असते. 'आलास', 'आलात', 'आलीस' असं नुसतं म्हटलं तरी कोण, किती जण, बाई की पुरुष हे आपल्याला कळतं. आजच्या इंग्रजीतून ती शेपटं जवळजवळ गळून गेली आहेत. म्हणून तिथले लोक गंमत म्हणून जुनी भाषा बोलतात तेव्हा ही शेपटं कुठंही चिकटवतात. मला मात्र हा प्रदेश परका वाटला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्याला लोक सर्रास 'जुनं इंग्रजी' म्हणतात ते जुनं इंग्रजी नव्हेच. अभ्यासक ज्याला जुनं इंग्रजी म्हणतात ती 'बेओवुल्फ'ची भाषा. ती आजच्या इंग्रज माणसाला शिकल्याशिवाय एक ओळही कळत नाही. त्यानंतरची चॉसरची, चौदाव्या शतकातली. आणि आपण ज्याची गंमत करतो ती शेक्सपिअरची आणि १६११ सालच्या बायबलची, म्हणजे खरं तर अर्वाचीन इंग्रजीची सुरुवात. चॉसर वर्गात शिकवताना एक गोष्ट मला फार आवडायची. त्याच्या काळी लिहिलेलं अक्षर बहुधा उच्चारलं जायचं. शूरवीर या अर्थाचा जो शब्द आज नुसता 'नाइट' असा उच्चारतात, त्यातला सुरुवातीचा 'क' तेव्हा ऐकू यायचा, मधला 'ख'सारखा घशातला आवाजही यायचा. लिहू तसं वाचणाऱ्या आपल्या मुलांना चॉसर मोठ्यानं वाचायला दिला की ती बिचकत नाहीत. पुढे पंधराव्या शतकापासून दोनेक शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले, आणि छापखान्यानं स्पेलिंग मात्र मधल्याच टप्प्यावर बांधून टाकलं.

छापखान्याचाच आणखी एक घोळ इंग्लंडच्या प्रत्येक गावात पाटीवर दिसतो. जुन्या थाटाची खानावळ किंवा चहाचं दुकान असलं की पाटीवर 'यी ओल्ड' अमुक. तिथं तो 'यी' कधीच नव्हता. इंग्रजीत पूर्वी 'द'च्या त्या दंत्य उच्चारासाठी थॉर्न नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. हस्तलिखितांत ते हळूहळू वाय या अक्षरासारखं दिसायला लागलं, आणि युरोपातून आलेल्या छपाईच्या टाइपात थॉर्न नसल्यामुळे त्याच्या जागी वाय वापरला गेला. वाचणारे मात्र तो 'द' असाच वाचत. मी माझ्या कवितेत ते पाटीवालं 'यी' कधी वापरलं नाही. लोक म्हणायचे, त्यानं लगेच हशा येतो. येतो, पण तो आपल्या अज्ञानावर येतो आणि ते हसणाऱ्याला कळतही नाही. मला तो हशा नको होता.

त्या स्वागतकक्षातल्या बाईंशी माझी मैत्री झाली ती दाउवरून. त्या म्हणाल्या, देवाला आम्ही दाउ म्हणतो कारण तो शब्द मोठा आहे, रोजच्या वापरातला नाही, आदराचा आहे. मी म्हटलं, आमच्याकडे विठोबाला तू म्हणतात, आणि ते तो जवळचा आहे म्हणून. त्यांनी हातातलं काम ठेवलं. मी त्यांना पंढरीची वारी सांगितली, तुकोबा विठ्ठलाशी भांडतात ते सांगितलं, त्याला अरेतुरे करतात ते सांगितलं. 'भांडतात?' त्यांनी दोनदा विचारलं. मग मी आठवडाभर ग्रंथालयात बसून हे शोधलं. बायबलच्या भाषांतरकारांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधलं एकवचन इंग्रजीत तसंच आणलं होतं. त्यामुळे त्या ग्रंथात देवालाही दाउ, नोकरालाही दाउ, सैतानालाही दाउ. आदराचा किंवा जवळिकीचा प्रश्नच नव्हता, समोर एकच जण आहे एवढाच अर्थ. पुढे बोलण्यातून दाउ गेला आणि फक्त प्रार्थनेत राहिला, तेव्हा त्याला देव्हाऱ्यातल्या वस्तूचा मान आला. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतरच्या सोमवारी त्यांनी मला सांगितलं, की काल प्रार्थना म्हणताना तो शब्द आला आणि मी प्रथमच कुणाशी तरी बोलते आहे असं वाटलं.

दाउ आणि यू यांचं नातं हे आपल्या तू आणि तुम्हीचंच नातं. यू हे मुळात अनेकवचन. फ्रेंच दरबारी रीतीच्या प्रभावानं तेराव्या शतकापासून एकट्या वडीलधाऱ्या माणसालाही ते आदरानं वापरायला लागले. त्यानंतर कुणी कुणाला काय म्हणायचं यावर भांडणं झाली. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं त्याला भर न्यायालयात मुद्दाम दाउ म्हणून हिणवलं. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये एक पात्र दुसऱ्याला सल्ला देतं, की द्वंद्वाचं आव्हान लिहिताना त्याला दोन-तीनदा दाउ म्हण, म्हणजे तो चिडेल. आणि क्वेकर पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात न्यायाधीशापासून जमीनदारापर्यंत सर्वांना दाउ म्हणायचं ठरवलं, कारण देवापुढे सगळे सारखे. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. हे सगळं वाचताना मला मराठी वर्ग आठवत होता. 'मला तू म्हणालास?' या एका प्रश्नात काय भरलेलं असतं ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलाला टीप वाचून कळतं. आपल्याला टीप लागत नाही.

म्हणून माझ्या कवितांमध्ये मी दाउ आणि यू दोन्ही वापरायला सुरुवात केली. वरिष्ठांच्या निरोपाच्या कवितेत पहिली तीन कडवी यू, अगदी वाकून नमस्कार केल्यासारखी. चौथ्या कडव्यात ते ऑफिसच्या सहलीत तळ्यात पडले तो प्रसंग, आणि तिथून एकदम दाउ. ऐकणाऱ्यांना नियम माहीत नव्हता, पण त्या वळणावर हशा पिकला. काहीतरी सैल झालं, माणूस खुर्चीवरून उतरून आपल्यात आला, हे त्यांना कानानंच कळलं होतं.

छंदाचं काम जास्त अवघड गेलं. शाळेत भुजंगप्रयात आणि आर्या शिकलेल्या माणसाचं बोट आपोआप मात्रा मोजतं. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ मोजून उपयोग नाही, तिथं आघात मोजायचा. आठ अक्षरं, सहा अक्षरं, आठ, सहा, आणि त्यात चार आघात, तीन आघात, हा बॅलडचा साचा मला दुपारच्या सुट्टीत चालता चालता बसवावा लागला. मी रेडिंग ॲबेच्या पडक्या भिंतींत चालायची. राजा पहिला हेन्री यानं ११२१ साली हा मठ वसवला, आणि त्याला पुरलं तेही इथंच. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला, शेवटच्या मठाधिपतीला फाशी दिलं. आता दगडगोट्यांचे उंच सुळके उरलेत आणि त्यांच्यामध्ये गवत. तिथं एका भिंतीवर स्वरलिपीसह एक गाणं दगडात कोरून बसवलेलं आहे. 'सुमेर इज इकुमेन इन' या नावानं ते ओळखलं जातं. तेराव्या शतकातलं हे गाणं या मठाशी जोडलं गेलेल्या एका हस्तलिखितात सापडलं, आणि ते हस्तलिखित आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

कोकिळा, मेंढी, गाय, बैल, बोकड, उन्हाळा आला याचा आनंद, एवढंच त्या गाण्यात आहे. बोकडाबद्दल जे क्रियापद आहे त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासकांच्या मते 'पादतो' असा आहे. आणि त्याच सुरावटीखाली, त्याच पानावर, दुसऱ्या शाईत लॅटिन भक्तिगीत लिहिलेलं आहे. मठातल्या एका पानावर ख्रिस्त आणि बोकड एका चालीत. भारूड ऐकून वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही, पण आनंद फार होतो. एझ्रा पाउंडनं पहिल्या महायुद्धाच्या काळात याच गाण्याचं विडंबन केलं, उन्हाळ्याच्या जागी हिवाळा घातला आणि थंडीपावसाला शिव्या दिल्या. मी तिथं उभी राहून चार आघात, तीन आघात असं पायांनी मोजायची. पुष्कळ कडवी त्या गवतात जमली.

थट्टा ही जुन्या भाषेची करायची नसते. हे मला चॉसरनं शिकवलं असं मी मानते. 'कँटरबरी टेल्स'मध्ये त्यानं स्वतःलाच एक प्रवासी केलं आहे आणि स्वतःच्या वाट्याला सर थोपस नावाच्या वीराची गोष्ट दिली आहे. ती त्याच्या काळातल्या जुनाट शौर्यगीतांच्या ठेक्यात आहे, ठेका अगदी बिनचूक आणि आत काहीच घडत नाही. शेवटी खानावळीचा मालक वैतागून त्याला मध्येच थांबवतो. सहाशे वर्षांपूर्वीही 'जुन्या धाटणीची' गंमत होती, आणि ती करणारा माणूस त्या धाटणीत पारंगत होता. लुइस कॅरलची 'जॅबरवॉकी' ही जगप्रसिद्ध कविता १८७१ साली पुस्तकात आली. पण तिचं पहिलं कडवं त्यानं १८५५ सालीच घरातल्यांसाठी हातानं लिहिलेल्या अंकात घातलं होतं, अँग्लो-सॅक्सन काव्याचा तुकडा म्हणून, शब्दार्थांसकट. त्यातले शब्द निरर्थक आहेत, पण कुठलं नाम, कुठलं क्रियापद याची शंका येत नाही. व्याकरण पक्कं आहे म्हणून तर निरर्थकपणा तरतो.

आता पैशाच्या कामाचं सांगते. आमच्या निरोपसमारंभाला आलेल्या एका पाहुण्यांनी मला एका जुन्या वाड्यातल्या कार्यक्रमासाठी विचारलं. तिथं शनिवारी रात्री मध्ययुगीन मेजवानी होत असे. लाकडी बाकं, मेणबत्त्या, कोंबडीच्या तंगड्या हातानं खायच्या, आणि भाट उभा राहून पाहुण्यांवर पद्य म्हणणार. ते पद्य मी लिहायचं. पाहुण्यांची माहिती गुरुवारी यायची, कुणाची पन्नाशी, कुणाचं लग्न ठरलंय, आणि शुक्रवारी रात्री मी जेवणानंतर टेबलाशी बसून वीस-पंचवीस कडवी करायची. पहिले काही महिने सुखाचे गेले. मग तिथल्या व्यवस्थापकांनी यादी दिली. फॉरसूथ, प्रिदी, मेथिंक्स, व्हेरिली. प्रत्येक दोन ओळींत यातला एक शब्द हवाच, आणि पाटीवालं 'यी' पण. लोक त्यासाठी पैसे देतात, असं त्यांचं म्हणणं.

मी दोन शनिवार तसं लिहून पाहिलं. मागच्या बाकावर बसून ऐकलंही. पहिल्या फॉरसूथला हशा, दुसऱ्याला हसू, चौथ्याला माणसं आपल्या ताटाकडे वळली. तिसऱ्या शनिवारी मी यादी बाजूला ठेवली आणि एका पन्नाशीच्या गृहस्थांवर पद्य लिहिलं. त्यांना त्या महिन्यात गाडी उभी करण्याबद्दल तिसऱ्यांदा दंड झाला होता. ते पद्य मी शोकगीतासारखं, सरळ, गंभीर चेहऱ्यानं लिहिलं. योद्ध्यानं आपला घोडा परक्या राजाच्या कुरणात बांधला, आणि राजाचा पिवळ्या अंगरख्यातला दूत आला, आणि घोड्याच्या कपाळावर त्यानं चर्मपत्र डकवलं. सगळी नामं आणि क्रियापदं सोळाव्या शतकातली, फॉरसूथ एकही नाही. अलेक्झांडर पोपनं १७१२ साली एका उमरावानं एका तरुणीची बट कापल्याच्या खऱ्या भांडणावर महाकाव्याच्या थाटात 'द रेप ऑफ द लॉक' लिहिलं, ती युक्ती हीच. भाषेनं आपली उंची सोडायची नाही. विषय खाली राहतो आणि मधल्या अंतरात हसू येतं. त्या रात्री ते गृहस्थ डोळे पुसत होते. व्यवस्थापकांचं समाधान झालं नाही. यादीप्रमाणे लिहायचं नसेल तर नको, असा निरोप आला. राहिलेल्या तीन शनिवारांचे पैसे मिळाले नाहीत. पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते त्या भाटाचं काम करणाऱ्या मुलाचं. तो उच्चार इतके मन लावून शिकत होता, आणि आता पुन्हा त्याला यादी म्हणायची होती.

त्या उन्हाळ्यात मी ब्रिस्टलला गेले, सेंट मेरी रेडक्लिफ हे चर्च पाहायला. उत्तरेच्या दारावर एक खोली आहे, तिथं एके काळी जुन्या कागदपत्रांच्या पेट्या होत्या. टॉमस चॅटर्टन १७५२ साली या गावात जन्मला. वडील त्याच्या जन्माआधीच गेले होते. त्यांनी त्या खोलीतून आणलेली चर्मपत्रं घरात पडलेली असायची, आणि पोरका मुलगा त्यांच्यावर वाढला. त्यानं पंधराव्या शतकातला टॉमस रोली नावाचा एक साधू कल्पिला आणि त्याच्या नावानं कविता लिहिल्या, त्या खऱ्या जुन्या आहेत असं लोकांना सांगितलं. शब्द त्यानं शब्दकोशांतून वेचले होते. १७७० साली लंडनमधल्या एका खोलीत आर्सेनिकनं त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अजून अठरा वर्षांचाही नव्हता. पुढे भाषेच्या अभ्यासकांनी शब्द न् शब्द तपासून दाखवून दिलं, की रोलीचं इंग्रजी कुठल्याच शतकात कुणी बोललं नव्हतं.

मी त्या दाराखाली बराच वेळ उभी होते. त्याला फसवणूक करणारा म्हणणारे आहेत, पण मला तसं म्हणवत नाही. मी त्याच्याएवढी असताना बाबांच्या कपाटातल्या मोडीतल्या कागदांवर बोट फिरवत बसायची. ते कुणीतरी मला लिहिलेत असं वाटायचं. त्याला एवढंच हवं होतं. त्याच्याभोवती त्याच्यासारखी गंमत करणारी, टिंबं करून चुका दाखवणारी माणसं असती तर, असं मनात येत राहिलं.

आमच्या गोदामाचे व्यवस्थापक यॉर्कशरमधल्या बार्न्सलीचे होते. साठी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. ते माझ्या कविता ऐकायला मागे उभे राहत, हसत, पण एकदा मला जाणवलं, की दाउ-दी आलं की त्यांचं हसू थांबतं. मी विचारलं नाही. एका पावसाळी संध्याकाळी गाड्या निघायला उशीर झाला, आम्ही दोघं गोदामाच्या दारात उभे होतो. ते आपण होऊन म्हणाले, 'तुम्ही ज्याला जुनं म्हणता ना, ते आमच्या घरात बोलायचे. माझी आजी मला दी म्हणायची.' तिकडे खाणकामगारांच्या घरांत 'दा' आणि 'दी' विसाव्या शतकातही रोजच्या तोंडात होतं, आणि पोरांनी मोठ्यांना तसं म्हटलं तर कान पिळला जायचा. 'शाळेत तेवढ्यासाठी छडी बसली,' ते म्हणाले. 'इथं दक्षिणेत आलो तेव्हा मी ते तोंडातून काढून टाकलं.'

माझ्या घशात काहीतरी अडकलं. मालवणातली मुलगी पुण्यात येऊन पहिल्या आठवड्यात आपले हेल गिळून टाकते ते मी पाहिलेलं आहे. मी ज्या शब्दाला चारशे वर्षांचं वय देऊन लोकांना हसवत होते, त्या शब्दानं या माणसाला त्याची आजी निजवत होती. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, 'नाही, नाही. हसतात ते दुधाला हसतात. मला फक्त घर आठवतं.'

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कवितेबद्दल त्यांनी एकच गोष्ट मागितली, 'मला दी म्हणून लिहा. पुस्तकातलं नको, आमचं.'

इथं मी अडले. कराडात वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या पुरुषाला मी तू म्हणाले असते का? जीभ वळली नसती. इंग्रजीत लिहीत असूनही हात थांबत होता. तीन दिवस एक ओळ झाली नाही. मग एका रात्री आईचा फोन आला, आणि मी 'अगं, तू जेवलीस का' म्हणाले, नेहमीसारखी, आणि मग तिनं फोन बाबांकडे दिला, आणि मी म्हणाले, 'तुम्ही औषध घेतलंत का?' एकाच घरात, एकाच फोनवर. आई काही बाबांपेक्षा लहान मानाची नव्हती. आईशी बोलताना जो तू येतो त्या तू-नं मी त्यांना लिहायला घेतलं.

बार्न्सलीची बोली मी त्यांच्याच एका भाचीकडून फोनवर तपासून घेतली. तिथं क्रियापदाला पुस्तकी 'स्ट' लागत नाही, दाउचा 'दा' होतो, जोर असला की 'दी'. माझी बारा वर्षांची शेपटं सगळी काढावी लागली. कविता चौदा कडव्यांची झाली. त्यांच्या गोदामात एकाही लॉरीला कधी थांबावं लागलं नव्हतं, या गोष्टीवर ती उभी होती. शेवटी दोन ओळी अशा होत्या :

नाउ सिट दी डाउन, द केटल्स ऑन,
द लॉरीज ऑल कॅन वेट.

आता बस बाबा, चहा ठेवलाय, गाड्या थांबतील. लोक मोठ्यानं हसले, कारण गाड्या थांबणं ही त्या माणसाच्या राज्यात अशक्य गोष्ट होती. ते हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

संध्याकाळी गाडीतळावर ते आपल्या गाडीपाशी उभे होते. एवढी वर्षं ते मला 'गुड नाइट' म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, 'सिदी.' सी दी, तुला बघतो. त्यांच्याकडे जाताना असं म्हणतात.

मी म्हटलं, 'येते.' त्यांनी अर्थ विचारला. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, दुसऱ्यांदा बराच नीट, आणि गाडी सुरू केली.